शेवटची चढण

माझे सासरे हाल्वोर खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी एकदा हौसेने नवे पडदे लावले आणि कसे दिसतात म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "जुने बरे होते." असा हा सत्यवचनी माणूस डोंगराच्या पायथ्याशी पोचला की त्याच्या जिभेला काहीतरी होतं. "ही शेवटची चढण" असं ते पहिल्या वळणावर सांगतात, दुसऱ्यावर सांगतात आणि पुढे प्रत्येक टेकाडाखाली, कोर्टात साक्ष दिल्यासारख्या चेहऱ्याने, सांगत राहतात. नॉर्वेतली सगळीच माणसं थोडीफार अशी असतात. लहान मुलांना आणि डॅनिश लोकांना डोंगरावर न्यायचं तर दुसरा इलाज नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

मी डॅनिश आहे. लोलान नावाच्या बेटावर वाढलो. तिथे हातातून चेंडू पडला तर तो पडल्या जागी थांबतो, घरंगळायला उतारच नाही. तोरुनशी लग्न करून इथे आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. दोन मुलं झाली, बर्फात गाडी चालवायला शिकलो, तपकिरी चीज आवडीने खायला शिकलो. पण चढ दिसला की आधी बसायला जागा शोधतो, ते अजून सुटलं नाही.

त्या रविवारी आम्ही निघालो ते सिग्नेसाठी. सिग्ने आमची थोरली, सहा वर्षांची. सोमवारपासून तिची शाळा सुरू होणार होती. हाल्वोरच्या घराण्याचा एक नियम आहे. घरातल्या प्रत्येक मुलाने शाळेत जायच्या आधी ग्रोहोव्दा नावाच्या डोंगराच्या माथ्यावर स्वतःच्या पायांनी जायचं आणि पायथ्याच्या ओढ्यातला एक दगड नेऊन तिथल्या दगडांच्या राशीवर ठेवायचा. दगड मुलानेच निवडायचा आणि मुलानेच न्यायचा. कोणी उचलून घ्यायचं नाही, मुलालाही नाही आणि दगडालाही नाही. तोरुनने ठेवला, तिच्या भावांनी ठेवला, भावांच्या मुलांनी ठेवला, आणि या सगळ्यांना वर घेऊन गेले ते हाल्वोर, आपली जुनी खाकी सॅक पाठीला लावून. लग्न ठरल्यावर मलाही नेलं होतं. मी ठेवलेला दगड त्यांनी उचलून पाहिला, डॅनिश माणसाच्या मानाने बरा आहे म्हणाले आणि परत ठेवून दिला.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. वसंतात डॉक्टरांनी हाल्वोरचे गुडघे तपासले आणि दोन्ही बदलायला हवेत असं सांगितलं. हाल्वोर ते ऐकून घरी आले आणि लाकडं फोडत बसले. तोरुनने फोनवर पुष्कळ डोकेफोड केली, पण ऑपरेशनची तारीख घ्यायला ते काही तयार होईनात. शेवटी मागच्या आठवड्यात त्यांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, सिग्नेला वर नेता आलं तर बघू. नाही जमलं तर माझा डोंगर संपला. आणि डोंगरच नसेल तर नवे गुडघे कशाला, स्वयंपाकघरातून बैठकीत जायला जुने पुरतात. सॅक येप्पेला देऊन टाकीन.

येप्पे म्हणजे मी. या धमकीने घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, माझ्या तर सर्वांत आधी. कारण सॅक ज्याच्या पाठीवर, तो म्होरक्या. वाट कुठली, थांबायचं कुठे, कॉफी केव्हा काढायची, हे सगळं तोच ठरवतो. मी तर एकदा दुकानातून घरी येताना चुकलो होतो.

आणि नेमकी अशा वेळी माझी आई आमच्याकडे आली होती. आईचं नाव बिर्ते. तिच्याबरोबर माझ्या बहिणीचा मुलगा आस्गेर होता, सिग्नेहून वर्षाने मोठा आणि चार वर्षांनी वांड. आईला आम्ही छोटासा फेरफटका असं सांगितलं होतं. फेरफटक्याच्या शेवटी आइस्क्रीमचं दुकान असतं अशी तिची आयुष्यभराची समजूत, त्यामुळे ती पांढरे कापडी बूट घालून आणि खांद्याला पर्स अडकवून गाडीत येऊन बसली. हाल्वोरनी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

गाडीत सॅक मी ठेवली. हे लक्षात ठेवा, कारण तिचं वजन मला ठाऊक होतं. पाव, सॉसेजेस, संत्री, कॉफीचा थर्मास, वर एक जाड स्वेटर आणि अडीअडचणीला असावी म्हणून लोकरीची एक घोंगडी, एवढाच ऐवज. एका हाताने उचलता येत होती.

ओढ्यावर दगड निवडायचा कार्यक्रम इतका लांबला की मला वाटलं ट्रिप तिथेच उरकणार. सिग्नेने एक उचलायचा, गालाला लावून बघायचा, टाकायचा, दुसरा उचलायचा. शेवटी तिला पावाच्या तुकड्यासारखा एक करडा दगड पसंत पडला आणि तो जॅकेटच्या खिशात गेल्यावर जॅकेट एका बाजूला गुडघ्यापर्यंत लोंबायला लागलं. मग आस्गेरला दगड हवा झाला. हाल्वोर म्हणाले, पाहुण्यांनाही चालतो, नियम तोच. आस्गेरने दोन्ही हातांनी पोटाशी धरावा लागेल असा धोंडा निवडला. लहान घे म्हणून मी समजावून पाहिलं, पण एका नॉर्वेजियन मुलीपुढे तो माघार घेणार नव्हता. आमचा धाकटा, दोन वर्षांचा आयलिफ, माझ्या पाठीला बांधलेल्या, मूल न्यायच्या चौकटीत बसून हे सगळं बघत होता. हातात येईल त्याने तो माझं डोकं बडवत होता.

वाट चांगली होती. आधी बर्चची झाडी, तिच्यातच पाणथळीवर टाकलेल्या फळ्या, मग मोकळं माळरान. दगडांवर लाल रंगाच्या खुणा होत्या, ब्लूबेरी पिकल्या होत्या, आणि येणारीजाणारी माणसं एकमेकांना नमस्कार करत होती. शहरात हीच माणसं बसमध्ये शेजारी बसावं लागू नये म्हणून उभी राहतात. आईला तर फारच मौज वाटत होती. तिने भेटेल त्या प्रत्येकाला थांबवून आपण कुठून आलो ते सांगितलं, एकाच्या कुत्र्याचं वय विचारलं, एका बाईची पाठदुखी ऐकून घेतली. मग हाल्वोरना गाठून म्हणाली, "आमच्याकडेही डोंगर आहे बरं का. आकाशपर्वत म्हणतात त्याला."

हाल्वोरनी उंची विचारली. तिने अभिमानाने सांगितली.

हाल्वोरनी मनातल्या मनात हिशेब केला. "आमची टपालपेटी त्याहून उंचावर आहे," ते म्हणाले.

आई इतकी हसली की तिला फळीवर बसावं लागलं, आणि फळीचं दुसरं टोक वर आलं, आणि त्या टोकावर आस्गेर होता. तो थेट चिखलात, गुडघ्यापर्यंत. पाय बाहेर आला पण बूट आला नाही. मी पालथा पडून कोपरापर्यंत हात घालून बूट शोधत होतो आणि पाठीवरून आयलिफ माझ्या मानेत एकेक मनुका टाकत होता. बूट निघाला तो पाण्याने भरलेला. त्यात एक बेडूक होता. मग बेडकाला घरी न्यायचं की नाही यावर दोन्ही मुलांचं भांडण जुंपलं, दोघं रडली, बेडूक निघून गेला, मग तो गेला म्हणून परत रडली. तोरुन प्रत्येकाला अर्धं संत्रं देत सुटली. त्या गडबडीत तिने एक फोड हाल्वोरच्या तोंडात कोंबली आणि एक अनोळखी माणसाच्या हातावर ठेवली.

"ही शेवटची चढण," हाल्वोर म्हणाले. अजून झाडीसुद्धा संपली नव्हती.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते आमच्यासारख्या सपाटीवरच्या लोकांसाठीच. एक टेकाड चढलं की त्याच्यामागून दुसरं डोकं वर काढायचं, जणू मागे लपूनच बसलं होतं. आस्गेरने धोंडा पोटाशी धरून दोन टेकाडं कशीबशी काढली. तो लालबुंद झाला होता, पण "देऊन टाक" म्हटलं की मान फिरवायचा. पहिल्या विसाव्यानंतर मात्र त्याच्या हातात धोंडा दिसला नाही. मी विचारलं तर म्हणाला, आहे व्यवस्थित. मला वाटलं टाकला कुठेतरी आणि सांगायची लाज वाटते आहे. पोराची अब्रू राखावी म्हणून मी पुढे विचारलं नाही.

तिथून पुढे मुलं अचानक गुणी झाली. थांबलो की हाल्वोर सॅक काढून खडकाला टेकवून ठेवायचे आणि पाय लांब करून बसायचे. सिग्ने आणि आस्गेर धावत जाऊन सॅकशी बसायचे. आम्ही राखण करतो म्हणाले, पाव-कॉफीही तेच काढून द्यायचे. मेंढ्या येतात ना. आणि मेंढ्या खरोखरच आल्या. गळ्यात घंटा बांधलेली एक दांडगी मेंढी सरळ आईच्या पर्सपाशी आली आणि आईने लोलानहून जपून आणलेला, लिव्हरची पेस्ट लावलेला राय धान्याच्या पावाचा तुकडा तिने कागदासकट खाल्ला. आई आधी ओरडली, मग मेंढीला चव आवडली म्हणून खूश झाली, मग दुसरा तुकडाही तिलाच देऊन बसली. त्यानंतर त्या मेंढीने आमचा पिच्छा सोडला नाही. भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत झाली, कारण ती पाठीमागून माझ्या चौकटीतल्या आयलिफचे मोजे ओढायची, आयलिफ आनंदाने किंचाळायचा आणि लाथ मला बसायची.

तेवढ्यात आस्गेरला शी लागली. तो उरकून आला तेव्हा सिग्नेला लागली. तिचं होईतो आईला लागली, आणि पूर्ण माळरानावर तिच्या मापाचं एकही झुडूप नव्हतं. तोरुन आणि मी मुलांनी काढून दिलेली घोंगडी धरून आडोसा करून उभे राहिलो. वारा सुटला. पुढचं सांगत नाही, पण एका म्हाताऱ्या जोडप्याने फार सभ्यपणे आम्हाला नमस्कार केला आणि आईने आतून त्यांना उत्तर दिलं.

मला हसायला येत होतं. तोरुनलाही. पण हसता हसता तिची नजर वडिलांकडे जात होती, आणि मग माझीही जायला लागली. हाल्वोर हळू झाले होते. आधी ते पुढे असायचे, मग मुलांबरोबर आले, मग आईच्या पांढऱ्या बुटांच्या मागे पडले, ते बूट एव्हाना काळे झाले होते ती गोष्ट वेगळी. चढावर ते मांडीवर हात रोवून पाऊल उचलत होते. पाव संपला होता, संत्री संपली होती, अर्धी कॉफी संपली होती, तरी प्रत्येक विसाव्यानंतर सॅक खांद्यावर घेताना त्यांना आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता. एकदा तोरुन म्हणाली, बाबा, येप्पेकडे द्या थोडा वेळ. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या पाठीवर आयलिफ आहे हे निमित्त मी मनातल्या मनात तयार ठेवलं होतं. तेव्हा मला त्याची लाज वाटली.

तोरुन माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाली, "वसंतात गुडघे इतके वाईट नव्हते रे."

सिग्ने मात्र भारी चालली होती. तिचा करडा दगड तिच्या खिशातच होता, जॅकेट फाटायच्या बेतात आलं होतं, पण तिने एकदाही उचलून घ्या म्हटलं नाही. आस्गेर तिच्या बरोबरीने होता. दोघांचं सारखं काहीतरी खुसुरफुसुर चालायचं. वाकून दगड बघायचे, "हा गिट्टेआत्याचा," "हा बाईंचा" असं कुजबुजायचे आणि फिदीफिदी हसायचे. गिट्टे म्हणजे आस्गेरची आई, लोलानमध्ये राहिलेली. मला वाटलं दगड-दगड असा काही खेळ असेल. मुलं रडत नाहीत एवढ्यावर मी समाधानी होतो.

दुपारी आम्ही माथ्याखालच्या खिंडीत पोचलो. समोर दगडगोट्यांची एकच तिरकी चढण होती आणि तिच्या टोकाला, आकाशाला चिकटलेली, ती रास दिसत होती. आता खरोखरच शेवटची चढण राहिली होती. मी हाल्वोरच्या तोंडून ते वाक्य यायची वाट बघत होतो. ते काही बोलले नाहीत. एका सपाट दगडावर बसले आणि वर बघत राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"तोरुन," ते म्हणाले, "मी इथेच बसतो. तुम्ही जाऊन या."

तोरुन त्यांच्यासमोर उकिडवी बसली. थोडं थांबू, कॉफी घेऊ, मग जाऊ, असं काहीबाही बोलली. ते मान हलवत राहिले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. म्हणाले, इतकी वर्षं इथे आलो, पण पाठीला असं ओझं कधी लागलं नाही. गुडघ्यांचं समजू शकतो. पण जुनीच सॅक जड लागायला लागली म्हणजे माणसाने समजायचं ते समजावं.

आईचं बोलणं थांबलं होतं. मी तिला एवढी गप्प फक्त वडिलांच्या दफनाला पाहिली होती. सिग्ने आजोबांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"पण मला तुम्ही नेणार होता ना," ती म्हणाली.

"बाबा नेईल."

"त्याला नाही येत."

हाल्वोरनी पट्टे सोडवले, सॅक पुढ्यात घेतली आणि बसल्या जागेवरून माझ्यापुढे केली. असा क्षण आपण कधीतरी थाटात होईल असं धरून चाललेलो असतो. मी आयलिफला उतरवून आईकडे दिलं, नाक पुसलं आणि सॅकला हात घातला. एकच हात, कारण सकाळी एका हाताने उचलली होती ना.

सॅक मला घेऊन खाली गेली. मी गुडघ्यांवर आपटलो, तिथून कोपरावर, आणि शेवटी गाल सॅकला लावून आडवा झालो. आयलिफने टाळ्या वाजवल्या.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"घोंगडी," हाल्वोर म्हणाले.

मी घोंगडी काढली. स्वेटर काढला. खाली दगड होते. लहान, मोठे, गोल, चपटे, शेवाळलेले, एकावर एक असे नीट रचून, मध्ये गवत घालून भरले होते. बाजूचे कप्पे उघडले, तिथेही दगड. सगळ्यांच्या तळाशी, घराच्या पायासारखा, आस्गेरचा धोंडा.

मेंढीसुद्धा रवंथ करायची थांबली. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू त्या दोन राखणदारांकडे वळल्या. आस्गेर बुटाच्या टोकाने जमीन उकरत होता. सिग्नेने मात्र छाती पुढे काढून सगळा खुलासा केला. आस्गेरचा धोंडा जड झाला होता म्हणून तो फक्त थोडा वेळ आजोबांकडे ठेवला होता, वर गेल्यावर तो परत घेणार होता. मग त्यांच्या लक्षात आलं की बिर्तेआजीचा दगडच नाही. मग गिट्टेआत्याचा नाही. मग आस्गेरच्या बाईंचा नाही, आमच्या शेजाऱ्यांचा नाही, आस्गेरच्या घरच्या सोनमाशाचा नाही. सगळे एकदम ठेवले की सगळे घरातलेच होतील. आणि आजोबांची सॅक मोठी होती, आणि आजोबा कधी दमत नाहीत.

हाल्वोरनी एक दगड उचलला, हातात तोलून पाहिला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग आस्गेरचा धोंडा दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, आणि तोरुनलाही तसंच वाटलं, कारण ती पुढे झाली. मग आवाज फुटला. मी या माणसाला मिशीतल्या मिशीत हसताना पाहिलं होतं, पण असं कधी नाही. धोंडा मांडीवर उड्या मारत होता. आई तर आयलिफसकट गवतात आडवी झाली. तोरुन हसत होती आणि डोळे पुसत होती. मी मोकळा सुटलो होतो, सॅकमधून आणि म्होरकेपणातूनही, आणि माझ्याइतका खूश माणूस त्या दिवशी नॉर्वेत दुसरा नसेल.

मग हाल्वोरनी पाठ ताठ करून न्यायनिवाडा केला. नियम म्हणजे नियम. जो स्वतःच्या पायांनी आला, त्याचाच दगड वर जाईल, आणि ज्याचा त्याने न्यायचा. गिट्टेआत्या आली नाही, तिचा राहील. बाई आल्या नाहीत, त्यांचाही राहील. सोनमाशासाठी आस्गेरने बरंच भांडून पाहिलं.

"अरे, त्याला मुळात पायच नाहीत," आई म्हणाली, आणि तो खटला निकालात निघाला.

आस्गेरला धोंड्याऐवजी खिशात मावेल असा दगड घ्यायची परवानगी मिळाली. आईने आपला दगड पर्समध्ये टाकला. बाकीची रास खिंडीतच राहिली. अजूनही तिथे असेल, आणि वाटेची खूण समजून लोक तिथून वळतही असतील. हाल्वोरनी रिकामी सॅक पाठीवर घेतली, पट्टे आवळले आणि उठले. गुडघे करकरले, ते मला ऐकू आले. नवे तर ते काही झाले नव्हते. पण ते पुढे झाले, सिग्ने त्यांच्या मागे, आणि मांडीवर हात रोवत, थांबत, पुन्हा निघत, ते चढायला लागले.

"ही शेवटची चढण," ते म्हणाले.

कुणाचाच विश्वास बसला नाही. आस्गेर मोठ्याने कण्हला. आई म्हणाली, हो हो, सकाळपासून ऐकतेय. त्यामुळे वर पोचल्यावर आणखी एक टेकाड कुठे लपलंय का हे बघायला दोन्ही मुलं राशीच्या मागे जाऊन आली.

सिग्नेने खिशातून करडा दगड काढला. खिसा त्याच्याबरोबरच फाटून आला. तिने राशीभोवती चक्कर मारली, जागा शोधली, टाचा उंचावून दगड ठेवला आणि हात मागे घेऊन तो पडतो का बघत उभी राहिली. पडला नाही. हाल्वोरनी तो उचलून पाहिला, तोलला आणि परत ठेवला. "चांगला आहे," एवढंच म्हणाले. आस्गेरचाही पाहिला. आईचा पाहिला तेव्हा, बुटांच्या मानाने फारच चांगला आहे, असं म्हणाले. आई लाजली. ती मेंढीही वरपर्यंत आली होती, पण तिच्याकडे दगड नव्हता.

मग सिग्नेने दुसऱ्या खिशात हात घातला. चपटा, काळा, एवढासा दगड होता. तो तिने खिंडीतून गुपचूप आणला होता.

"हा आयलिफचा," ती म्हणाली. "ठेवू?"

आयलिफ माझ्या पाठीवर झोपला होता, तोंड उघडं, लाळ माझ्या कॉलरवर. हाल्वोरनी त्याच्याकडे पाहिलं. "तो चालला का?"

"नाही."

"मग?"

सिग्नेने मूठ मिटली. "मग तो कधी ठेवणार?"

"शाळेत जायच्या आधी. स्वतःच्या पायांनी येईल तेव्हा."

"पण त्याला आणणार कोण? बाबाला तर वाटसुद्धा माहीत नाही."

हाल्वोर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. माझा गाल सोलवटलेला होता, मानेत मनुका होत्या, बाहीवर कोपरापर्यंत चिखल वाळलेला होता. मी मदत म्हणून आणखी थोडा बावळट चेहरा केला. हाल्वोरनी सिग्नेच्या हातातून तो दगड घेतला आणि आपल्या पँटच्या खिशात टाकला.

उतरताना ते सगळ्यांत मागे होते आणि सावकाश येत होते. तोरुन त्यांच्याबरोबर थांबली होती. आस्गेर माझा हात धरून चालता चालता झोपला होता, सिग्ने गाणं म्हणत होती, आई विचारत होती की खाली आइस्क्रीमचं दुकान नक्की कुठल्या बाजूला आहे. गाडीशी पोचल्यावर मी सॅक घ्यायला हात पुढे केला. हाल्वोरनी ती दिली, पण सोडायच्या आधी पट्टा क्षणभर धरून ठेवला.

"गाडीत ठेवण्यापुरतीच," ते म्हणाले. मग खिशातला हात बाहेर न काढताच ते तोरुनकडे वळले. "उद्या डॉक्टरांना फोन कर. म्हणावं, लवकरात लवकरची तारीख द्या. मला काम आहे."